पहिला जादूगार: निवडीपासून स्पेलबुकाच्या दुसऱ्या प्रतीपर्यंत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, भूमिका वठवत खेळायचा खेळ. तो खेळायला आलेल्या नव्या खेळाडूला बहुतेक वेळा जादूगारच हवा असतो. आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला तोच खेळाडू कुरकुरतो, "माझं कॅरेक्टर काही करतच नाही." कारणं दर वेळी साधारण तीच निघतात. क्लास (कॅरेक्टरचा पेशा) चित्र पाहून घेतलेला असतो, स्पेल (मंत्र) नावं ऐकून. दोन्ही स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) पहिल्याच खोलीत संपतात आणि उरलेली संध्याकाळ टर्न आला की पानं चाळण्यात जाते. फायटरची चूक झाली तर एक वार वाया जातो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराची झाली तर दिवसाचा अर्धा साठा जातो. म्हणून त्याचं निम्मं काम टर्न येण्याआधी उरकलेलं असावं लागतं. ते काम कुठल्या क्रमाने करायचं, ते पुढे दिलं आहे.

खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. पुस्तक विकत घ्यायची घाई करू नका. नियमांचा गाभा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे आणि पहिल्या काही महिन्यांना तो पुरतो.

## १. क्लासचं नाव उच्चारण्याआधी डीएमला विचारा

पहिली पायरी कॅरेक्टर शीटची नाही, प्रश्नांची आहे. ते डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला विचारायचे.

१. नियम २०१४ चे की २०२४ चे? दोन्हींत एकाच नावाचे स्पेल वेगळं काम करतात. 'स्लीप' हे ठळक उदाहरण.

२. खेळातल्या एका दिवसात साधारण किती लढाया होतात? मध्ये शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) मिळते का?

३. पार्टीत (खेळातल्या तुमच्या टोळीत) बाकी कोण आहे? पुढे उभं राहून मार खाणारं कोणी आहे का?

४. सामान, स्पेलचं साहित्य, स्पेलबुक (जादूगाराची मंत्रांची वही) हरवणं या गोष्टी डीएम किती काटेकोर धरतो?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. रविवारी तीन-चार तास जमणाऱ्या ग्रुपमध्ये बऱ्याचदा एकच मोठी लढाई बसते आणि नंतर पार्टी सरळ झोपी जाते. अशा ठिकाणी विझर्ड आणि सॉर्सरर दिवसाचे सगळे स्लॉट एकाच लढाईत ओततात आणि भलतेच ताकदवान वाटतात. वॉरलॉकची मुख्य ताकद मात्र शॉर्ट रेस्टनंतर स्लॉट परत मिळण्यात आहे, ती तिथे कामालाच येत नाही. उलट चार-पाच चकमकींचं भुयार असेल, तर तिसऱ्या खोलीत विझर्ड रिकामा असतो आणि वॉरलॉक पुन्हा भरलेला. म्हणजे "कुठला क्लास भारी?" याचं उत्तर तुमच्या टेबलाच्या वेळापत्रकावर ठरतं.

तपासा: चारही उत्तरं कागदावर लिहिलेली आहेत? नसतील तर थांबा.

## २. क्लास निवडा: स्पेल कुठून येतात आणि कधी परत मिळतात

जादू हेच मुख्य काम असलेले क्लास सहा: विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, क्लेरिक, ड्रुइड आणि बार्ड. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा. स्पेल कसे निवडले जातात? खर्च झालेले स्लॉट कधी भरतात? अंगात किती दम आहे?

विझर्ड. इंटेलिजन्सवर चालतो. पहिल्या लेव्हलला स्पेलबुकात सहा स्पेल, तीन कँट्रिप्स (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) आणि दोन स्लॉट. रोज सकाळी पुस्तकातले काही स्पेल तयार करायचे: इंटेलिजन्सचा मॉडिफायर (गुणाच्या आकड्यावरून मिळणारी भर) अधिक विझर्ड लेव्हल इतके. हिट डाय (अंगातला दम ठरवणारा फासा) डी-६, म्हणजे सहा बाजूंचा, सगळ्यांत नाजूक. निवडीचं स्वातंत्र्य भरपूर, त्यामुळे घरी बसून करायचा अभ्यासही भरपूर.

सॉर्सरर. "नवा आहेस ना, मग सॉर्सरर घे, सोपा असतो," हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो चुकीचा वाटतो. कँट्रिप्स चार मिळतात, पण पहिल्या लेव्हलला येणारे स्पेल फक्त दोन. त्यातला एक चुकला तर पुढची लेव्हल येईपर्यंत तो गळ्यात राहतो, आणि तेव्हाही एकच बदलता येतो. ज्याला कुठला स्पेल कधी कामाला येतो हे अजून माहीतच नाही, त्याने इतकी घट्ट निवड पहिल्याच दिवशी करू नये. दुसऱ्या कॅरेक्टरसाठी मात्र हा क्लास सुंदर आहे. कॉन्स्टिट्यूशनच्या (शारीरिक दमाच्या) सेव्हमध्ये, म्हणजे धोका टाळण्यासाठी टाकायच्या फाशात, प्रोफिशियन्सी (सरावाची भर) असल्याने कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेलवरचं लक्ष) टिकवण्यात तो विझर्डपेक्षा सरस ठरतो.

वॉरलॉक. कॅरिस्मा, हिट डाय डी-८. पहिल्या लेव्हलला एक स्लॉट, दुसरीपासून दोन, आणि ते तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर परत. 'एल्ड्रिच ब्लास्ट' ही कँट्रिप १२० फुटांवरून १डी१० (दहा बाजूंच्या एका फाशाइतकं) नुकसान करते, त्यामुळे स्लॉट संपले तरी हातात हत्यार उरतं. टर्नला कमी पर्याय असल्याने लवकर अंगवळणी पडतो. अट एकच: शॉर्ट रेस्ट मिळायला हव्यात.

क्लेरिक. विझडम, हिट डाय डी-८, अंगावर मध्यम चिलखत आणि हातात ढाल. आपल्या लेव्हलला मिळणाऱ्या क्लेरिकच्या संपूर्ण यादीतून रोज नवी निवड करता येते. आजची निवड फसली तर उद्या सकाळी दुरुस्त. पहिल्यांदाच जादू हाताळणाऱ्याला मी क्लेरिकच सुचवते. "म्हणजे मी फक्त मलमपट्टी करायची का?" या भीतीने लोक तो टाळतात, पण चांगला क्लेरिक लढाईत क्वचितच जखमा भरत बसतो. तो 'ब्लेस' टाकून तीन साथीदारांच्या हल्ल्यांना आणि सेव्हना १डी४ जोडतो आणि स्वतः पुढे उभा राहतो.

ड्रुइड आणि बार्ड. ड्रुइडचीही रोजची यादी असते, पण दुसऱ्या लेव्हलपासून 'वाइल्ड शेप' येतो आणि प्राण्यांचे आकडे सांभाळण्याचं जादा काम पडतं. बार्ड बोलघेवड्या खेळाडूंना शोभतो. मदत करण्यात आनंद वाटत असेल तरच तो घ्या.

तलवारही हवी आणि थोडी जादूही, असं मनात असेल तर पॅलाडिन किंवा रेंजर पाहा. २०१४ च्या नियमांत त्यांना स्पेल दुसऱ्या लेव्हलपासून मिळतात, २०२४ मध्ये पहिलीपासून. विझर्ड घेऊन त्याच्या हातात तलवार देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सावध: स्पेलची लेव्हल आणि कॅरेक्टरची लेव्हल वेगळ्या. तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डला दुसऱ्या लेव्हलपर्यंतचेच स्पेल टाकता येतात. तिसऱ्या लेव्हलचे स्पेल पाचव्या लेव्हलला मिळतात. 'फायरबॉल' टाकायचा म्हणून पहिल्या लेव्हलला विझर्ड घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. मध्ये चार लेव्हल खेळायच्या आहेत.

पुढचं उदाहरण विझर्डचं घेते, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात.

## ३. आकडे या क्रमाने भरा

ठरावीक आकडे वापरत असाल तर १५, १४, १३, १२, १०, ८ वाटायचे. १५ इंटेलिजन्सला, १४ डेक्स्टेरिटीला, १३ कॉन्स्टिट्यूशनला. २०१४ चा साधा ह्यूमन घेतला तर प्रत्येकात एक वाढतो: १६, १५, १४. त्यांचे मॉडिफायर +३, +२, +२. आता बाकीचं मांडा.

- स्पेल सेव्ह डीसी (शत्रूच्या सेव्हने गाठायचा आकडा): ८ + प्रोफिशियन्सी २ + मॉडिफायर ३ = १३
- स्पेल अटॅक (हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशात मिळवायची भर): २ + ३ = +५
- हिट पॉइंट (शून्यावर आले की कॅरेक्टर कोसळतं): ६ + २ = ८
- आर्मर क्लास (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा): १० + २ = १२
- रोज तयार करायचे स्पेल: ३ + १ = ४

आठ हिट पॉइंट म्हणजे किती कमी, ते गॉब्लिन या किरकोळ शत्रूवरून कळतं. त्याच्या हल्ल्याला +४ आहे, नुकसान १डी६+२. म्हणजे जोरात बसलेला एकच वार तुम्हाला शून्यावर आणू शकतो. आर्मर क्लास १२ असताना त्याचे ६५ टक्के वार लागतात. 'मेज आर्मर' असेल तर आर्मर क्लास १५ होतो आणि प्रमाण ५० टक्क्यांवर येतं. त्यावर ऐन वेळी 'शील्ड' टाकला तर २० होतो आणि फक्त २५ टक्के वार लागतात. हे तीन आकडे पाहिल्यावर पहिल्या दोन स्पेलची निवड बरीचशी आपोआप होते.

सावध: ज्या चिलखताची प्रोफिशियन्सी नाही ते अंगावर असेल तर स्पेल टाकताच येत नाही. वाटेत सापडलेलं चिलखत विझर्डला चढवण्याचा मोह आवरा.

सावध: पाचव्या लेव्हलआधी मल्टिक्लास नको. दोन क्लास अर्धे-अर्धे शिकण्यात पहिला नीट समजतच नाही.

## ४. स्पेल निवडा: आधी काम, मग नाव

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. स्पेलबुकात असलेले स्पेल आणि आज तयार केलेले स्पेल या एकच नव्हेत. सह्याद्रीत ट्रेकला निघताना घरातलं सगळं सामान कोणी नेत नाही, त्या दिवशीच्या वाटेला लागेल तेवढंच सॅकमध्ये भरतो. पुस्तक म्हणजे घर, तयार यादी म्हणजे सॅक. तयार स्पेल टाकला की तो यादीतून पुसला जातो, हाही एक गैरसमज आहे. पुसला जातो तो स्लॉट. स्लॉट शिल्लक असेल तर तोच स्पेल पुन्हा टाकता येतो.

आता सहा जागा भरायच्या. नावांच्या यादीकडे न पाहता कामं लिहा: स्वतःचा जीव वाचवणं, एकाच वेळी अनेकांना थांबवणं, हमखास नुकसान करणं, माहिती मिळवणं. मग प्रत्येक कामासमोर स्पेल.

'मेज आर्मर' आणि 'शील्ड' जीव वाचवण्यासाठी. 'मेज आर्मर' आठ तास टिकतो, त्याला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. पण हातात दोनच स्लॉट आहेत, त्यातला एक तो खातो. गावात चौकशी करण्याचा दिवस असेल तर टाकू नका. भुयाराच्या तोंडाशी उभे असाल तर टाका.

'स्लीप' अनेकांना थांबवण्यासाठी. २०१४ च्या नियमांत सेव्ह नाही, अटॅक रोल नाही. ५डी८ टाकायचे, सरासरी साडेबावीस येते, आणि तेवढ्या हिट पॉइंटचे जीव झोपतात. गॉब्लिनचे हिट पॉइंट सात, म्हणजे सरासरी फाशांवर तीन गॉब्लिन गारद. पहिल्या लेव्हलला याला तोड नाही. मात्र मोजणी सध्या सर्वांत कमी हिट पॉइंट असलेल्यापासून सुरू होते. त्या वर्तुळात तुमचा जखमी साथीदार असेल तर आधी तोच झोपेल. मृतयोनीतल्या जीवांवर आणि एल्फवर तर तो चालतच नाही. २०२४ मध्ये 'स्लीप'ला विझडम सेव्ह आणि कॉन्सन्ट्रेशन दोन्ही जोडले गेले आहेत, त्यामुळे तिथे ही शिफारस तितकी ठाम नाही.

'मॅजिक मिसाइल' हमखास नुकसानासाठी. तीन बाण, प्रत्येकी १डी४+१, चुकायचा प्रश्नच नाही. पळून जाणाऱ्या, दोन-तीन हिट पॉइंट उरलेल्या शत्रूंसाठी हा स्पेल राखून ठेवावा.

उरलेल्या दोन जागा माहिती मिळवण्यासाठी: 'फाइंड फॅमिलिअर' आणि 'डिटेक्ट मॅजिक'. दोन्ही रिच्युअल म्हणून टाकता येतात. नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात, पण स्लॉट खर्च होत नाही. आणि विझर्डला रिच्युअलसाठी तो स्पेल तयार करण्याचीही गरज नाही, पुस्तकात असला की पुरे. म्हणून सहापैकी दोन जागा रिच्युअलला दिल्या की चारच्या चार तयार जागा बाकीच्यांना मोकळ्या राहतात. एवढा फायदा असूनही नवे खेळाडू सहाही जागा मारधाडीच्या स्पेलनी भरतात, आणि दोन स्लॉटवर सहा स्पेल कधीच वापरून होत नाहीत.

कँट्रिप्स तीन: एक मारायची, दोन कामाच्या. 'फायर बोल्ट' १२० फुटांवरून १डी१०. 'मेज हँड' आणि 'मायनर इल्युजन' लढाईबाहेर रोज लागतात. दोन मारायच्या कँट्रिप्स घ्यायच्याच असतील तर दुसरी आगीची नको. 'रे ऑफ फ्रॉस्ट' घ्या, तिने शत्रूचा वेग १० फुटांनी घटतो.

तपासा, चार गोष्टी:

- तयार यादीत कॉन्सन्ट्रेशनचे स्पेल दोनपेक्षा जास्त नाहीत ना? एका वेळी एकच चालतो.
- सगळे स्पेल एकाच प्रकारच्या सेव्हवर तर अवलंबून नाहीत?
- एक तरी स्पेल रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये द्यायचं तातडीचं उत्तर) म्हणून टाकता येतो का?
- साहित्यात किंमत लिहिली आहे का? साधं साहित्य फोकस (जादूची कांडी वगैरे) असला की लागत नाही. पण 'फाइंड फॅमिलिअर'ला १० सुवर्णनाणी किमतीचं साहित्य दर वेळी जाळावं लागतं आणि 'आयडेंटिफाय'ला १०० नाण्यांचा मोती जवळ असावा लागतो.

## ५. प्रत्येक स्पेलचं एक कार्ड

हे काम सेशनच्या आदल्या दिवशी, घरी. एका स्पेलला एक कार्ड, आणि क्रम नेहमी तोच: नाव, लेव्हल, अ‍ॅक्शन (टर्नचं मुख्य काम) की जोडीची छोटी बोनस अ‍ॅक्शन की रिअ‍ॅक्शन, पल्ला, किती जागा व्यापतो, सेव्ह की अटॅक, किती वेळ टिकतो, कॉन्सन्ट्रेशन आहे की नाही, फासे. शेवटी एक ओळ स्वतःच्या शब्दांत: हा कधी टाकायचा.

शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची. 'शील्ड'च्या कार्डावर "वार लागलाय हे कळल्यावर, फरक चारपर्यंत असेल तरच" असं लिहिलं असेल तर ऐन वेळी डोकं खाजवावं लागत नाही. मोबाइलवर पूर्ण मजकूर ठेवायला हरकत नाही, पण टर्नला स्क्रोल करत बसणं आणि कार्डावर नजर टाकणं यातला फरक टेबलावरच्या सगळ्यांना जाणवतो.

फळांच्या बिया किंवा कॅरमच्या सोंगट्या स्लॉट म्हणून समोर ठेवा. खर्च झाला की एक बाजूला सरकवा. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जातात, सोंगटी दिसत राहते.

## ६. लढाईतला टर्न

१. तुमच्या आधीचा खेळाडू सुरू झाला की तुम्ही सुरू व्हा. दोन बेत ठरवा. पहिला, परिस्थिती हीच राहिली तर. दुसरा, त्याने तुमचं लक्ष्यच मारून टाकलं तर.

२. आधी उभं कुठे राहायचं ते पाहा, मग स्पेल. शत्रू पाच फुटांच्या आत असेल तर दुरून मारायच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतं. म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. 'फायर बोल्ट'ही त्यातच येतो. तिथून नुसतं चालत निघालात तर शत्रूला फुकट वार मिळतो. म्हणून लढाई सुरू होतानाच खांबामागे किंवा दाराच्या चौकटीमागे जागा घ्या. अर्ध्या आडोशाने आर्मर क्लास २ ने वाढतो आणि त्याला स्लॉट लागत नाही.

३. स्लॉट खर्च करण्यासारखी वेळ आहे का? शत्रू गटाने उभे असतील आणि तुमची माणसं अजून त्यांच्यात मिसळलेली नसतील, तर पहिली फेरी हीच गटावर टाकायच्या स्पेलची वेळ. दुसऱ्या फेरीपर्यंत फायटर मध्ये घुसलेला असतो. पुढे 'फायरबॉल' मिळाला की हे आणखी महत्त्वाचं होतं. त्याचं वर्तुळ ४० फूट रुंद असतं, म्हणजे नकाशावर आठ चौकोन, आणि आग कोपऱ्याला वळसा घालते. एकटा, जवळजवळ मेलेला शत्रू असेल तर कँट्रिप पुरे.

४. ठरलेल्या क्रमाने मोठ्याने सांगा. "फायर बोल्ट, डावीकडच्या गॉब्लिनवर, अटॅक रोल." किंवा "बर्निंग हँड्स, पहिल्या लेव्हलचा स्लॉट, या दोघांवर, डेक्स्टेरिटी सेव्ह, डीसी तेरा." डीएमला पुन्हा काही विचारावं लागू नये. नियमाचे शब्द आहेत तसेच ठेवा.

५. फासे टाका, मग वर्णन करा. निकाल कळल्यावरचं वर्णन फुकट जात नाही. इथे मात्र मराठीत मोकळेपणाने बोला. "माझी विझर्ड चिमूटभर वाळू फुंकते आणि पुढच्या तिघांच्या पापण्या जड होतात," एवढं एक वाक्य टेबलावरच्या सगळ्यांना त्या खोलीत नेतं. दोन वाक्यांच्या पुढे जाऊ नका, बाकीचे थांबलेले असतात.

६. टर्न संपला तरी रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे. 'शील्ड' तुमच्या टर्नला टाकायचा नसतो. वार लागला असं डीएम म्हणाला की लगेच बोलायचं, नुकसानाचे फासे पडायच्या आधी. एका फेरीत रिअ‍ॅक्शन एकच.

सावध: २०१४ च्या नियमांत बोनस अ‍ॅक्शनने कुठलाही स्पेल टाकला, तर त्या टर्नला दुसरा स्पेल म्हणून फक्त एका अ‍ॅक्शनची कँट्रिपच चालते. 'हीलिंग वर्ड' टाकून त्याच टर्नला 'ब्लेस' टाकणारे क्लेरिक हा नियम सतत मोडतात. २०२४ मध्ये नियम वेगळ्या शब्दांत आहे: एका टर्नला स्लॉट खर्चून एकच स्पेल.

## ७. कॉन्सन्ट्रेशन सांभाळा

नवा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकला की जुना त्याच क्षणी संपतो. नुकसान झालं की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह: डीसी १० किंवा नुकसानाच्या निम्मा, जो मोठा असेल तो. आपल्या विझर्डला +२ आहे, म्हणजे किरकोळ जखमेतही ६५ टक्केच शक्यता की स्पेल टिकेल. एकाच फेरीत दोन वार लागले तर दोन वेगळे सेव्ह, आणि टिकण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर येते.

त्यामुळे कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकायचा आणि लगेच मागे सरायचं. टाकून पुढे राहणं म्हणजे तो स्लॉट शत्रूच्या हाती देणं. कार्ड उभं करून ठेवा, म्हणजे स्पेल चालू आहे हे तुम्हालाही दिसेल आणि डीएमलाही. नुकसान झाल्यावर सेव्ह टाकण्याची आठवण डीएमने करून द्यायची वाट पाहू नका, ते काम तुमचं आहे.

## ८. स्लॉटचा हिशेब

दिवसाच्या सुरुवातीला ठरवा: शेवटचा स्लॉट माघार घेण्यासाठी. तो 'शील्ड'साठी असो वा 'स्लीप'साठी, नुसत्या नुकसानावर उधळायचा नाही.

विझर्डचं 'आर्केन रिकव्हरी' कितीतरी लोक विसरतात. दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्ट संपताना, विझर्ड लेव्हलच्या निम्म्या इतक्या एकूण लेव्हलचे स्लॉट परत मिळतात, अपूर्णांक वर धरायचा. पहिल्या लेव्हलला एक स्लॉट. म्हणजे दिवसाला दोन नव्हे, तीन. फायटरलाही शॉर्ट रेस्ट हवीच असते, त्याच्याशी हातमिळवणी करा आणि पहिल्या लढाईनंतर तास मागून घ्या.

लाँग रेस्ट, म्हणजे सगळे स्लॉट परत देणारी विश्रांती, आठ तासांची, आणि चोवीस तासांत एकच फायद्याची. सकाळी दहाला स्लॉट संपले म्हणून "चला झोपू" म्हणता येत नाही.

## ९. लढाईबाहेर

'मेज हँड' ३० फुटांवरून दार ढकलतो, दोरी ओढतो, संशयास्पद पेटी उघडतो. दहा पौंडांपेक्षा जड वस्तू उचलत नाही आणि हल्ला करत नाही. 'मायनर इल्युजन'ने एक तर आवाज निर्माण होतो किंवा पाच फुटी घनात मावेल असं चित्र. दोन्ही एकदम नाही.

बाजारात, दरबारात स्पेल टाकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: बहुतेक स्पेलना उच्चार आणि हातवारे लागतात आणि ते आजूबाजूच्यांना कळतात. 'चार्म पर्सन' संपल्यावर त्या व्यक्तीला कळतं की आपल्यावर जादू केली होती आणि ती तुम्ही केली होती. 'फ्रेंड्स' कँट्रिप संपली की समोरचा वैरीच होतो. ज्याच्याकडे उद्या पुन्हा जायचं आहे अशा दुकानदारावर किंवा पहारेकऱ्यावर हे स्पेल वापरू नका.

आणि साथीदाराच्या कॅरेक्टरवर मन वळवणारा स्पेल टाकायचा असेल तर त्या खेळाडूला आधी विचारा. गमतीत टाकलेल्या अशा स्पेलवरून ग्रुप मोडतात.

## १०. लेव्हल वाढली की

दुसऱ्या लेव्हलला, २०२४ मध्ये तिसऱ्या, विझर्डची शाखा ठरते. पहिल्या विझर्डसाठी इव्होकेशन (आग, वीज अशा मारायच्या स्पेलची शाखा) घ्या. स्पेलची लेव्हल अधिक एक इतक्या साथीदारांना स्वतःच्या इव्होकेशन स्पेलमधून वगळता येतं, आणि नव्या खेळाडूच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक टळते. मात्र २०२४ मध्ये ही सोय सहाव्या लेव्हलला येते.

तिसऱ्या लेव्हलला 'मिस्टी स्टेप' आणि 'वेब'. एक निसटण्यासाठी, एक अडवण्यासाठी. याच सुमारास 'स्लीप'ची ताकद उतरते, कारण शत्रूंचे हिट पॉइंट वाढतात. त्याला तयार यादीतून काढा. चौथ्या लेव्हलला इंटेलिजन्स १८ करा. पाचव्या लेव्हलला कँट्रिप्सचे फासे दुप्पट होतात आणि तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट मिळतात. 'फायरबॉल' घ्यायचाच, पण त्याच्या जोडीला 'काउंटरस्पेल' घ्या, दुसरा मारायचा स्पेल नको.

दर लेव्हलला दोन स्पेल आपोआप मिळतात. बाकीचे शोधून उतरवून घ्यायचे: स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे दोन तास आणि ५० सुवर्णनाणी. जादूच्या गुंडाळीवरून उतरवताना आर्काना (जादूच्या ज्ञानाची) तपासणी लागते, डीसी १० अधिक स्पेलची लेव्हल, आणि तपासणी फसली तरी गुंडाळी नष्ट होतेच. म्हणून एखादी गुंडाळी आत्ता वाचून वापरायची की पुस्तकात उतरवायची, हे पार्टीला विचारून ठरवा.

स्वतःच्या पुस्तकाची दुसरी प्रत करायला प्रत्येक लेव्हलमागे एक तास आणि १० नाणी पुरतात. तिसऱ्या लेव्हलला पहिल्या लेव्हलचे आठ आणि दुसऱ्याचे दोन स्पेल असतील तर बारा तास, १२० नाणी. गावात दोन दिवस मुक्काम मिळाला की हे काम आधी उरका, प्रत कुठे ठेवली ते शीटवर लिहा आणि डीएमलाही सांगून ठेवा.